लुफीचा हात आणि कुरवाची चोच

वन पीस या जपानी मंगाची, म्हणजे चित्रकथेची, लाइव्ह ॲक्शन (खरी माणसं घेऊन केलेली) सिरीज नेटफ्लिक्सवर 31 ऑगस्ट 2023 ला आली, पण फॅन लोकांची भांडणं त्याच्या कितीतरी आधीच सुरू झाली होती. ट्रेलरमध्ये गोष्टीचा नायक लुफी, त्याचा हात रबरासारखा ताणला जातो ना, तिथंच बऱ्याच जणांचं बिनसलं. मंगामध्ये तोच हात शेकडो वेळा ताणला गेलाय, तेव्हा कुणाला काही वाटलं नाही, उलट मजा येते, आणि इथं खऱ्या पोराच्या खांद्यातून तो हात सरसर लांब व्हायला लागला की पोटात कसंतरी होतं. "फॅन्सना काहीच आवडत नाही" असं म्हणून लोक विषय संपवतात, मला ते अजिबात पटत नाही. त्या कसंतरी होण्याला कारण आहे, आणि ते आपल्या मेंदूत आहे.

गंमत म्हणजे ते कारण सगळ्यात आधी मांडलं ते एका जपानी माणसानेच. मासाहिरो मोरी हे रोबोटिक्सचे प्राध्यापक, त्यांनी 1970 मध्ये एक छोटा लेख लिहिला, नाव 'बुकिमी नो तानी', म्हणजे भीतीदायक दरी म्हणा. त्यांचं म्हणणं असं की रोबोट जसजसा माणसासारखा दिसायला लागतो तसतसा तो आपल्याला आवडत जातो, पण अगदी माणसासारखा होता होता थोडासा कमी पडला की आवड एकदम धाडकन खाली येते. त्यांनी उदाहरण दिलं ते कृत्रिम हाताचं. लांबून हात खरा वाटतो, आपण शेकहॅण्ड करायला जातो आणि तो गार, बिनहाडाचा लागतो, अंगावर काटा येतो. आणि वस्तू हलायला लागली की ही दरी अजून खोल होते असंही त्यांनी लिहून ठेवलंय. आता लुफीचा हात डोळ्यासमोर आणा. कागदावरचा हात दरीच्या पार अलीकडे उभा आहे, दोन रेघांचा, त्याला हाड असावं अशी आपली अपेक्षाच नाही. पडद्यावरच्या हाताला मात्र कातडी आहे, नखं आहेत, कोपर आहे, आणि कोपर असलेला हात कसा हलतो हे मेंदूला जन्मापासून पाठ आहे.

पण सगळा राग दरीवर ढकलून चालणार नाही, कारण हात ताणलेला नसतानाही लोक म्हणत होते "हा आमचा लुफी नाही". याचं उत्तर मला पक्ष्यांत सापडलं.

कुरव, म्हणजे आपण ज्याला सीगल म्हणतो तो, त्याची एक जात आहे जिच्या पिवळ्या चोचीवर लाल ठिपका असतो. पिल्लं त्या ठिपक्यावर टोचा मारतात आणि आई घास बाहेर काढते. निको टिनबर्गन या डच शास्त्रज्ञाने (पुढे 1973 मध्ये नोबेल मिळालं) पिल्लांसमोर वेगवेगळ्या नकली चोची धरून बघितल्या. एकदा एक बारीक लाल काडी धरली, टोकाला तीन पांढरे पट्टे, ना डोकं ना डोळे, आणि पिल्लांनी कुरवाच्या हुबेहूब डोक्यापेक्षा त्या काडीवर जास्त टोचा मारल्या! म्हणजे पिल्लाला पूर्ण आई लागत नाही, खुणा लागतात, आणि खूण खऱ्यापेक्षा ठळक असेल तर पिल्लू खऱ्याला सोडून तिच्याकडे जातं.

मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन आणि तत्त्वज्ञ विल्यम हर्स्टीन यांनी 1999 मध्ये हाच धागा चित्रकलेला लावला, की चित्रकार ओळखीची खूण वाढवून दाखवतो म्हणून चित्र भिडतं. सगळ्यांना हे मान्य नाही, पण व्यंगचित्रांबद्दल तर प्रयोगच झालेत, 1987 च्या एका अभ्यासात ओळखीच्या माणसांचे चेहरे साध्या अचूक रेखाचित्रापेक्षा वाढवून काढलेल्या व्यंगचित्रातून जास्त लवकर ओळखले गेले. मंगा म्हणजे पानोपानी लाल काडीच आहे हो. वन पीस काढणाऱ्या एइचिरो ओडांनी जुलै 1997 पासून, पंचवीस वर्षांहून जास्त, तीच ती काडी आपल्यासमोर धरलीय, गवताची टोपी, डाव्या डोळ्याखाली टाक्यांची खूण, कानापर्यंत जाणारं हसू, आणि मग एक दिवस त्याजागी मेक्सिकोचा इन्याकी गोडॉय हा खराखुरा मुलगा येतो ज्याचं तोंड माणसाच्या तोंडाएवढंच उघडतं. मेंदूला तो फिका वाटणारच, त्यात त्या पोराची काही चूक नाही.

म्हणूनच सिरीजवाल्यांनी काय ठेवलं आणि काय सोडलं हे बघायला मला फार आवडतं. लुफीच्या सोबत्यांपैकी उसॉपचं लांबच लांब नाक त्यांनी सोडून दिलं, सांजीची गोल वळलेली भुवई सोडली. खऱ्या चेहऱ्यावर ते नाक बसवलं असतं तर आपण थेट मोरींच्या दरीत पडलो असतो. पण टोपी ठेवली, डोळ्याखालची खूण ठेवली, झोरो या आणखी एका सोबत्याच्या तीन तलवारी आणि हिरवे केस ठेवले. चेहऱ्यावरच्या खुणा कमी केल्या आणि अंगावरच्या खुणा राखल्या. माझ्या मते निम्मी लढाई त्यांनी इथंच जिंकली.

आता आवाज. छापलेल्या पानाला आवाज नसतो, दोन चौकटींमधल्या पांढऱ्या जागेत काय घडलं तेही नसतं, ते आपण वाचताना भरतो, आणि जे स्वतः भरलं ते आपल्या मालकीचं होऊन बसतं. आपल्याकडे 1991 पासून पेपरात रोज भेटणाऱ्या चिंटूवर 2012 मध्ये सिनेमा आला तेव्हा माझी आई पहिल्या पाच मिनिटांत म्हणाली होती, "अगं, चिंटूचा आवाज असा कसा?" तिने वीस वर्षं त्याला स्वतःच्या डोक्यातला आवाज दिला होता. जपानमध्ये लुफीचा आवाज 1999 पासून ॲनिमेमध्ये, म्हणजे कार्टून मालिकेत, मायुमी तानाका देतात, 1955 चा जन्म त्यांचा, आणि लाइव्ह ॲक्शनच्या जपानी डबिंगमध्येही गोडॉयच्या तोंडी त्यांचाच आवाज घातला. तरुण मुलाच्या तोंडी साठी ओलांडलेल्या बाईंचा आवाज, ऐकायला विचित्र वाटेल, पण मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी 1968 मध्येच दाखवलं होतं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती आवडायला लागते. चोवीस वर्षं कानावर पडलेला आवाज आहे तो, त्या कानांना दुसरा कुठला चालणार.

मग एवढं सगळं विरोधात असताना वन पीस आवडली कशी? दोन आठवड्यांत दुसरा सीझन जाहीर झाला की. इथं डोपामिनचा, म्हणजे बक्षीस मिळण्याशी जोडलेल्या मेंदूतल्या रसायनाचा, भाग येतो. मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशी कधी किती पेटतात ते मोजलं. अचानक रस मिळाला की पेशी जोरात पेटतात, पण दिवा लागल्यावर रस येणार हे माकडाला पाठ झालं की रस आल्यावर त्या शांतच राहतात, आणि दिवा लागूनही रस आला नाही तर बरोबर त्या क्षणाला त्या नेहमीपेक्षाही मंदावतात. म्हणजे पेशी रसापेक्षा अपेक्षेतला फरक मोजतात. मंगा फॅन्सची अपेक्षा कुठे होती ते आठवा, 2009 चा ड्रॅगनबॉल सिनेमा, ज्याच्या पटकथालेखकाने नंतर चक्क माफी मागितली, 2017 चा, गोष्ट जपानमधून अमेरिकेत सिॲटलला नेलेला डेथ नोट, 2021 मध्ये काऊबॉय बीबॉप (ती ॲनिमेवरून केलेली) तीन आठवड्यांच्या आत बंद. दिवा लागायचा आणि रस यायचाच नाही, दरवेळी. लोकांनी अपेक्षा जमिनीवर आणून ठेवली होती, आणि मग आठ एपिसोड असे आले की ज्यांत केप टाऊनला खरीखुरी जहाजं बांधलेली, आणि स्वतः ओडांनी सांगितलेलं की माझं समाधान होईपर्यंत हे रिलीज होणार नाही.

मला स्वतःला लुफीची सोबतीण नामी, तिचा सीन कधी येतो याची धास्ती होती. नामी हातावरच्या टॅटूमध्ये चाकू खुपसत राहते आणि शेवटी लुफीकडे मदत मागते, तो काही न विचारता स्वतःची टोपी तिच्या डोक्यावर ठेवतो. मंगामध्ये त्या पानावर तिचे डोळे चेहऱ्याच्या मानाने प्रचंड मोठे आहेत, अश्रूही तसेच, जाड रेघांचे. सिरीजमध्ये नामी झालेल्या एमिली रडचे डोळे साधे माणसाचे, रडणंही साधं, ओठ नुसता थरथरतो. पण टोपी डोक्यावर आली आणि मला आवंढा आला, बरोबर त्याच जागी, जिथं पान उलटताना आला होता.