कोएसाइट: दाबाखालची गारगोटी कशी ओळखू आली

पन्हाळा-जोतिबाचे डोंगर ज्या काळ्या बसाल्टचे आहेत, त्या दख्खनच्या खडकात जुन्या वायूच्या पोकळ्या जागोजागी गारगोटीने भरलेल्या असतात. म्हणजे सिलिका. हीच सिलिका वातावरणाच्या पंचवीस-तीस हजार पट दाबाखाली गेली की तिच्या अणूंची मांडणी बदलते आणि कोएसाइट तयार होतं.

ते आधी सापडलं प्रयोगशाळेत. अमेरिकेतल्या नॉर्टन या घासकामाचं साहित्य बनवणाऱ्या कंपनीत लॉरिंग कोएस यांनी 1953 मध्ये ते बनवलं. निसर्गातलं पहिलं कोएसाइट 1960 मध्ये ॲरिझोनाच्या उल्काविवरात एडवर्ड चाओ, युजीन शूमेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मिळालं. तेव्हा हे खनिज म्हणजे उल्कापाताची खूण, असंच समीकरण बसलं. भूकवचातला खडक नव्वद-शंभर किलोमीटर खोल जाऊन परत वर येईल, हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

1984 मध्ये ख्रिश्चन शोपाँ यांनी आल्प्समधल्या डोरा मायरा इथल्या भूकवचाच्या खडकात, गार्नेट या कठीण खनिजाच्या आत, ते दाखवलं आणि तो समज मोडला. त्याच वर्षी नॉर्वेतूनही नोंद झाली. खडकाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की दिसणारं दृश्य एकदा पाहिलं की विसरत नाही. गार्नेटच्या पोटात मधोमध स्वच्छ, आजूबाजूच्या क्वार्ट्झपेक्षा (म्हणजे सिलिकाच्या नेहमीच्या, कमी दाबाच्या रूपापेक्षा) उठावदार कोएसाइटचा कण (अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो त्याचं माप, 1.59 च्या पुढे, क्वार्ट्झचा 1.55 च्या आसपास), त्याभोवती कुंपणाच्या काठ्यांसारखे उभे क्वार्ट्झचे स्फटिक आणि तिथून गार्नेटमध्ये चौफेर गेलेल्या भेगा. दाब उतरला की कोएसाइटचं क्वार्ट्झ होतं, घनता 2.92 वरून 2.65 वर येते, आकारमान साधारण दहा टक्क्यांनी फुगतं आणि गार्नेट तडकतं. गार्नेटची घट्ट पकड नसती तर मधला कणही उरला नसता. पुढे कणावर लेसर टाकून मिळणाऱ्या रामन वर्णपटातली 521 (प्रति सेंटीमीटर) ची रेषा शिक्कामोर्तब करते (क्वार्ट्झची 464 ला येते), पण कुठल्या कणावर लेसर धरायचा हे आधी डोळ्यालाच ठरवावं लागतं.

भारतात लडाखच्या त्सो मोरारी भागातल्या खडकांतून कोएसाइट नोंदलं गेलं. आपल्याला जवळचं मात्र लोणारचं उल्काविवर. तिथल्या आघात झालेल्या बसाल्टमध्ये 2017 साली कोएसाइटची नोंद झाली, आणि तीही पोकळ्यांतल्या गारगोटीत! तिथे ना गार्नेट, ना भेगा. सिलिकाच्या काचेत सुमारे 30 मायक्रॉनचे गोल, दाणेदार पुंजके. पन्हाळ्याच्या गारगोटीत ते शोधण्यात अर्थ नाही, तिच्यावर तसा दाब कधी आलेलाच नाही.