सहा युनिटची बॅटरी आणि दीडशे किलोवॅटची घाई

जर्मनीत आयफेलच्या डोंगरात न्युर्बुर्गरिंगचा जुना ट्रॅक आहे. एक फेरी २०.८ किलोमीटरची, वळणं मोजता मोजता कंटाळा यावा इतकी. बाजारात अजून न आलेल्या गाड्या कंपन्या इथे आणून पिदडतात. गाडीच्या अंगभर काळ्यापांढऱ्या नागमोडी नक्षीचा कागद चिकटवलेला असतो, म्हणजे बॉनेटची रेघ नेमकी कुठे वळते ते कॅमेऱ्याला कळू नये. कुंपणापलीकडे छायाचित्रकार दबा धरून बसलेले. चाकणच्या आसपास राहणाऱ्यांना असल्या बुरखेधारी गाड्यांचं अप्रूप नाही. पुणे-नाशिक रस्त्यावर त्या अधूनमधून दिसतातच.

पण बुरख्याआडूनही एक गोष्ट झाकत नाहीत. गाडीत जास्त दाबाची बॅटरी असेल तर बाहेर पिवळा स्टिकर लावतात : ‘हायब्रिड टेस्ट व्हेइकल’, म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली, चाचणीवरची गाडी. अपघात झालाच, तर पत्रा कापायला आलेल्या माणसाला आत चारशे व्होल्ट असू शकतात हे आधी कळायला हवं. महागड्या सेडानच्या हायब्रिड अवताराविषयीच्या कितीतरी अफवा या एका स्टिकरातून जन्माला येतात. मग अश्वशक्तीचे अंदाज बांधले जातात, आवाज ऐकून सिलिंडर मोजले जातात. सगळ्याच अफवा खऱ्या होतात असं नाही. लेक्ससच्या मोठ्या एलएस सेडानची ‘एफ’ नावाची जहाल आवृत्ती येणार, येणार असं लोक वर्षानुवर्षं म्हणत राहिले. ती आलीच नाही.

मला या अफवांत एक गंमत वाटते. सगळे विचारतात, हायब्रिड आहे का आणि किती ताकदीची. बॅटरी कशासाठी बसवली आहे, हे फारसं कुणी विचारत नाही. खरा प्रश्न तोच आहे, कारण ‘हायब्रिड’ या एकाच शब्दाखाली दोन जवळजवळ उलट्या कल्पना नांदतात. खऱ्या ठरलेल्या दोन अफवाच घेऊ. दोन्ही गाड्या २०२४ च्या नोव्हेंबरात भारतात आल्या, दोन्हींची किंमत तेव्हा दोन कोटींच्या जरा अलीकडे.

पहिली मर्सिडीज-एएमजी सी ६३ एस ई परफॉर्मन्स. (एएमजी म्हणजे मर्सिडीजची जहाल गाड्या बनवणारी शाखा.) आधीच्या सी ६३ मध्ये चार लिटरचं, आठ सिलिंडरचं, गडगडणारं व्ही-८ इंजिन होतं. नव्या गाडीत दोन लिटरचं, चार सिलिंडरचं. भक्तमंडळींनी छाती बडवून घेतली. पण या लहानग्या इंजिनातून ४७६ अश्वशक्ती निघते, मागच्या आसाजवळची विजेची मोटर २०४ ची भर घालते, आणि एकूण आकडा ६८० वर जातो.

एवढी ताकद लहान इंजिनातून काढायची तर टर्बो मोठा लागतो, आणि मोठ्या टर्बोचं दुखणं जुनं आहे. टर्बो म्हणजे धुराच्या झोतावर फिरणारी चक्की. ती फिरली की इंजिनात जास्त हवा कोंबते. जास्त धूर हवा तर आधी जास्त हवा हवी, आणि जास्त हवा हवी तर आधी धूर. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, तसला प्रकार. पाय दाबल्यावर गाडी क्षणभर विचारात पडते, ती याचमुळे.

एएमजीनं ही गाठ दोन ठिकाणी विजेनं सोडवली. टर्बोच्या दांड्यावरच, दोन चक्रांच्या मध्ये, जेमतेम चार सेंटिमीटर जाडीची मोटर बसवली. धूर यायची वाट न बघता ती टर्बोला फिरवते. ही कल्पना फॉर्म्युला वनमधून आलेली, तिथल्या गाड्यांत ती २०१४ पासून होती. आणि तोवर चाकांना ढकलायला मागची मोटर हजर असतेच.

विजेची मोटर उभ्या जागेवरून एवढा जोर कशी लावते? मोटर फिरू लागली की ती थोडी जनित्रासारखीही वागते आणि आत येणाऱ्या विजेला उलटा दाब देते. जितकी जोरात फिरेल तितका हा विरोध जास्त. थांबलेल्या मोटरीत तो शून्य असतो, म्हणून हवा तेवढा प्रवाह सहज आत शिरतो आणि फिरवणारा जोर, म्हणजे टॉर्क, पहिल्या क्षणापासून पूर्ण मिळतो. लोकल सुटताना दारातल्या माणसाला बसणारा हिसका हाच. त्याची दुसरी बाजू अशी, की वेग वाढला की मोटरीचा दम उतरत जातो. म्हणून सी ६३ च्या मोटरीला स्वतःचा दोन गिअरचा खोका दिला आहे. ताशी १४० किलोमीटरच्या सुमारास ती दुसऱ्या गिअरमध्ये जाते.

आता बॅटरी. तिच्यात ६.१ किलोवॅट-तास ऊर्जा मावते. महावितरणच्या बिलाच्या भाषेत सहा युनिट. बॅटरीचं वजन ८९ किलो. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिट ऊष्णता असते, म्हणजे माणसाहून जड असलेल्या या पेटाऱ्यात एका बाटलीभर पेट्रोलइतकीही ऊर्जा नाही! (इंजिन त्यातली दोनतृतीयांश वाया घालवतं आणि मोटर फारच थोडी, तेव्हा कामापुरतं बोलायचं तर बॅटरी दोनेक लिटरच्या बरोबरीची धरा.) निव्वळ विजेवर ही गाडी तेरा किलोमीटर जाते. दादर ते अंधेरी, मग संपलं.

मग तिचा उपयोग काय? घागर आणि रांजण यांतला फरक इथे बघायचा. पाणी किती मावतं ही एक गोष्ट, तोंड किती रुंद आहे ही दुसरी. एएमजीची बॅटरी म्हणजे रुंद तोंडाची लहान घागर. ती दहा सेकंदांपुरती १५० किलोवॅट ओतू शकते. त्याच वेगानं ओतत राहिली तर अडीच मिनिटांच्या आत तळ दिसेल. चारशे व्होल्टच्या बॅटरीतून १५० किलोवॅट काढायचे तर पावणेचारशे अँपिअर प्रवाह लागतो, आणि प्रवाह दुप्पट झाला की तारांतली, सेलांतली ऊष्णता चौपट होते. त्यामुळे तिचे ५६० सेल चौदा लिटर द्रवात अक्षरशः बुडवून ठेवले आहेत. हा द्रव वीज वाहून नेत नाही, फक्त ऊष्णता नेतो, आणि प्रत्येक सेल ४५ अंश सेल्सियसच्या आसपास राहतो. माझ्या मते या गाडीतलं सगळ्यात देखणं काम हेच आहे, आणि ते एकाही फोटोत दिसत नाही.

दुसरी गाडी बीएमडब्ल्यूची एम ५. तिचा हायब्रिड अवतार २०२४ च्या जूनमध्ये जाहीर झाला. इथे व्ही-८ शाबूत आहे, ४.४ लिटर, ५८५ अश्वशक्ती. मोटर गिअरबॉक्सच्या पोटात, १९७ अश्वशक्तीची. बेरीज ७८२ व्हायला हवी, पण कंपनी ७२७ सांगते. यात लबाडी नाही. इंजिन आणि मोटर आपापल्या जोराच्या शिखरावर फिरण्याच्या वेगवेगळ्या वेगांना पोहोचतात, दोन शिखरं एकावर एक रचता येत नाहीत. शिवाय गिअरबॉक्सला सोसेल तेवढंच सोडायचं असतं. टॉर्क तर बरोबर १००० न्यूटन-मीटरवर रोखला आहे.

आता गंमत बघा. आधीच्या एम ५ कॉम्पिटिशनमध्ये ६२५ अश्वशक्ती होती आणि ती ३.३ सेकंदांत ताशी १०० ला पोहोचायची. नवीला शंभर घोडे जास्त, आणि लागतात ३.५ सेकंद. कारण न्यूटन. नवी गाडी २,४३५ किलोची आहे, जुनीपेक्षा पाचशेच्या आसपास किलोंनी जड. पाच पोती गहू डिकीत टाकून शर्यतीला जाण्यातला प्रकार. अश्वशक्तीला वजनानं भागलं तर नवी गाडी मागेच पडते. अफवांच्या दिवसांत सगळ्यांना ‘सातशेच्या वर’ हा आकडा तोंडपाठ होता. वजनाचा आकडा आला तेव्हा सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली.

हे वजन आलं कुठून? बरंचसं १८.६ युनिटच्या बॅटरीतून आणि तिला सांभाळणाऱ्या सांगाड्यातून. ही घागर नव्हे, रांजण आहे. एएमजीच्या तिप्पट साठा, आणि मोटर मात्र साधारण तेवढ्याच ताकदीची. हा रांजण जोरासाठी नाही, अंतरासाठी आहे : सुमारे ६७ किलोमीटर विजेवर. सकाळी सोसायटीतून गुपचूप बाहेर पडावं, कचेरीत जाऊन यावं, व्ही-८ ला जागही येऊ नये.

ब्रेक मारल्यावर वीज परत मिळते याचं कौतुक जाहिरातींत फार असतं. हिशेब सोपा आहे. शंभरच्या वेगात पळणाऱ्या या गाडीत जेमतेम पाव युनिट ऊर्जा असते. तिला थांबवून जास्तीत जास्त तेवढंच मिळणार, तेही गळती वजा जाता. घाट उतरणं जास्त किफायतशीर. खंडाळ्याहून खोपोलीकडे अंदाजे पाचशे मीटर खाली येताना सव्वातीन युनिट पणाला लागलेले असतात, त्यातले काही बॅटरीत, बाकी हवेत आणि टायरांत.

पण रांजण नेमका ६७ किलोमीटरचाच का, याचं उत्तर भौतिकशास्त्रात कमी आणि ब्रसेल्समध्ये जास्त आहे. युरोपात प्रत्येक कंपनीच्या विकलेल्या गाड्यांची कार्बन डायऑक्साइडची सरासरी काढतात आणि मर्यादा ओलांडली तर दर ग्रॅममागे, दर गाडीमागे ९५ युरो दंड लावतात. प्लग-इन हायब्रिडचा, म्हणजे प्लग लावून चार्ज करता येणाऱ्या हायब्रिडचा, धूर मोजताना नियम असं गृहीत धरायचा, की विजेवर लांब जाणारी गाडी मालक बहुतेक वेळ विजेवरच चालवेल. त्या गृहीतकानं या सव्वासातशे घोड्यांच्या धुडाचा अधिकृत खप शंभर किलोमीटरला १.६ ते १.७ लिटर निघाला. आपल्याकडच्या भाषेत ॲव्हरेज लिटरला साठ. शेजारच्या काकांच्या स्कूटरएवढं! बॅटरी रिकामी असताना तीच गाडी शंभराला दहा लिटरच्या वर पिते.

युरोपियन कमिशननं २०२४ मध्ये प्रत्यक्ष रस्त्यावरच्या गाड्यांच्या नोंदी काढून बघितल्या, तेव्हा प्लग-इन हायब्रिडचा खरा धूर कागदावरच्या आकड्याच्या सरासरी साडेतीनपट निघाला. लोक गाडी मानलं होतं तितकी चार्ज करत नव्हते. २०२५ पासून गृहीतक बदललं. विजेवर साठ किलोमीटर जाणारी गाडी पूर्वी ऐंशी टक्क्यांहून जास्त अंतर विजेवर धावते असं मानलं जायचं, आता ५४ टक्क्यांच्या आसपास मानतात. २०२७ मध्ये ते आणखी खाली येईल. अशा गाडीचा कागदावरचा धूर एका रात्रीत साधारण दुप्पट झाला. पेट्रोल जितकं जळत होतं तितकंच जळतंय.

तिकडे सी ६३ चं चार सिलिंडरचं इंजिन काढून सहा सिलिंडरचं बसवणार, अशी बोलवा पुढे उठली. पुन्हा कुणीतरी कुंपणापलीकडे उभं राहून सिलिंडर मोजत असेल.