पिकलबॉलमधली लेव्हल आणि स्वतःची लेव्हल ओळखणं

पिकलबॉल खेळणाऱ्याचा हात किती बसलाय हे सांगणारा आकडा म्हणजे लेव्हल, किंवा रेटिंग. तो साधारण 2.0 पासून सुरू होऊन अर्ध्या-अर्ध्याच्या पायऱ्यांनी 5.5 च्या पुढं जातो. सोलापुरात सकाळी कोर्टवर नवीन माणूस आला की पॅडल बॅगेतनं निघायच्या आधीच विचारणा होते, "काका, लेव्हल किती ओ तुमची?", आणि उत्तर बहुतेक वेळा "तीन-साडेतीन असंल की" असं येतं, मग त्यावरनं जोड्या पडतात. हा आकडा कुठनं आला, त्यामागं गणित काय आणि तो स्वतःला लावायचा कसा हे इथं घेतलंय, खेळाचे नियम वाचणाऱ्याला माहीत आहेत असं धरून.

आकड्यांची शिडी कुठनं आली
खेळ 1965 चा, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावरचा, जोएल प्रिचर्ड, बिल बेल आणि बार्नी मॅक्कॅलम ह्या तिघांनी घरच्या पोरांसाठी जमवलेला. तेव्हा लेव्हलचा विषयच नव्हता. पहिली राष्ट्रीय संघटना 1984 ची, ती पुढं 2005 मध्ये नव्यानं उभी राहिली, आणि आकड्यांची शिडी ह्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे 2005 नंतरच्या काही वर्षांत रुळली असं मानायला हरकत नसावी. ती नेमकी कशावरनं घेतली ह्याबद्दल खेळाडूंत दोन मतं ऐकू येतात. एक मत असं की कोर्ट बॅडमिंटनचं, 44 बाय 20 फुटांचं, म्हणून मोजमापही तिकडचंच असणार. दुसरं मत टेनिसकडं बोट दाखवतं.

दुसरं मत जास्त पटण्यासारखं आहे. अमेरिकन टेनिसमध्ये 1970 च्या दशकाच्या शेवटाला खेळाडूंची राष्ट्रीय वर्गवारी आली, 1.0 ते 7.0, अर्ध्या-अर्ध्याच्या पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवरचा खेळाडू काय करू शकतो ह्याचं दोन-चार ओळींचं वर्णन. पिकलबॉलची शिडी हुबेहूब त्याच घडणीची आहे. फटक्यावर भरवसा किती, चेंडू पाहिजे तिकडं जातो का, खोल पडतो का, बॅकहँड फोरहँडच्या जोडीला आहे का, ह्याच कसोट्या दोन्हीकडं येतात. बॅडमिंटनमध्ये मात्र आंतरराष्ट्रीय क्रमवारी स्पर्धांत मिळालेल्या गुणांची बेरीज असते, तिथं "हा खेळाडू काय करू शकतो" असं वर्णन नसतं. म्हणजे मैदान बॅडमिंटनचं आणि शिडी टेनिसची, असंच म्हणावं लागतं. आकडे सारखे दिसले तरी ते एकमेकांत बदलता येत नाहीत. टेनिसमधला 4.5 वाला पिकलबॉलला आला की त्याचा हात वेगवान असतो, ड्राइव्ह जबर असतो, पण किचनच्या (नेटजवळचा पट्टा, जिथं उभं राहून व्हॉली मारता येत नाही) लायनीवर हळू खेळ सुरू झाला की तो सुरुवातीचे काही महिने 3.0-3.5 लाच अडकतो.

भारतात हा खेळ सुनील वालावलकर ह्यांनी मुंबईत आणला, 2006 ते 2008 च्या दरम्यान, आणि अखिल भारतीय संघटना 2008 ची. आपल्याकडच्या स्पर्धांत मात्र आकड्यापेक्षा बिगिनर, इंटरमीडिएट, ओपन असे गट आणि 35 च्या वर, 50 च्या वर असे वयोगट जास्त चालतात.

रेटिंगमागचं गणित
लेव्हल ठरवायच्या पद्धती दोन. एक स्वतः स्वतःला दिलेली, वर्णन वाचून. दुसरी मॅचच्या निकालावरनं काढलेली. ही दुसरी पद्धत मुळात बुद्धिबळातनं आलीय. अर्पाद एलो ह्या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञानं ती मांडली, अमेरिकन बुद्धिबळ संघटनेनं 1960 मध्ये आणि जागतिक संघटनेनं 1970 मध्ये घेतली. कल्पना साधी आहे, दोन खेळाडूंच्या आकड्यातल्या फरकावरनं कोण किती वेळा जिंकायला पाहिजे ह्याचा अंदाज आधीच निघतो, आणि निकाल त्या अंदाजापेक्षा चांगला आला की आकडा वाढतो, वाईट आला की कमी होतो. बुद्धिबळाच्या मापात 200 चा फरक असला तर वरच्याकडनं शंभरात 76 गुणांची अपेक्षा असते, 400 चा असला तर दहास एक असं प्रमाण पडतं. म्हणून तगड्यानं कच्च्याला हरवलं तर आकडा जेमतेम हलतो, आणि कच्च्यानं तगड्याला हरवलं तर दोघांचे आकडे चांगलेच सरकतात.

अमेरिकन संघटनेचं स्पर्धा-रेटिंग ह्याच जातीचं होतं, चार आकडी. 2021 पासून डूपर (DUPR) नावाची पद्धत पसरली, 2.000 ते 8.000, दशांशाच्या पुढं तीन घरं, वय-लिंग-देश काही न बघता सगळे एकाच मापात. तिच्यात नुसती हारजीत नाही तर किती पॉइंटनं हेही आत जातं, स्पर्धेतल्या मॅचला घरच्या घरी नोंदवलेल्या मॅचपेक्षा वजन जास्त, आणि जुन्या निकालांचं वजन घटत जातं. हारजीतला किती आणि पॉइंटच्या अंतराला किती महत्त्व द्यायचं हे गणित डूपरनं एकापेक्षा जास्त वेळा बदललंय, त्यामुळं मागच्या वर्षीचा 3.4 आणि आत्ताचा 3.4 एकच समजू नये. आकड्यासोबत विश्वासार्हतेची टक्केवारी पण दिलेली असते आणि आमच्या मते ती आकड्याच्या आधी बघावी, कारण चार-पाच मॅचवर निघालेलं रेटिंग म्हणजे अजून पाणी न मुरलेलं बांधकाम.

पायऱ्या
2.0 आणि 2.5 वर सांगण्यासारखं फार नाही, सर्व्ह आत पडते, स्कोअर सांगता येतो, छोटी रॅली होते. 3.0 ला मध्यम वेगाचा चेंडू परत जातो पण कुठं जाईल ह्याचा नेम नसतो आणि डिंक (किचनमध्ये हळूच टाकलेले फटके) सुरू झाले की तिसऱ्या-चौथ्याला जाळीत. 3.5 ला दिशा येते, पार्टनरसोबत पुढं सरकणं समजायला लागतं, थर्ड शॉट ड्रॉप (सर्व्ह करणाऱ्या जोडीचा तिसरा फटका, मऊ हातानं किचनमध्ये उतरवलेला) माहीत असतो आणि कधीकधी पडतोसुद्धा.

खरी भिंत 3.5 आणि 4.0 च्या मधे आहे. 4.0 वाल्याचा ड्रॉप ठरवून पडतो, बॅकहँड लपवावा लागत नाही, जोरात आलेला चेंडू तो मऊ हातानं किचनमध्ये बसवतो, म्हणजे रिसेट करतो. टेनिसच्या शिडीत 4.0 समोर एक फार नेमकी गोष्ट लिहिलेली आहे, की ह्या पायरीवरच्या रॅली घाईमुळं जातात, आणि पिकलबॉललाही ती तंतोतंत लागू पडते. चेंडू जाळीच्या खाली असतानाच स्पीड-अप (अचानक जोराचा फटका) मारायचा मोह आवरला की माणूस इथं येतो. 4.5 पासून पुढं फटके सगळे आलेलेच असतात, फरक पडतो तो समोरच्याचा पुढचा फटका आधी ओळखण्यात आणि चुका समोरच्याकडनं करून घेण्यात.

बॅडमिंटनवाल्यांचा प्रश्न
सोलापुरात ह्या खेळाकडं वळणारे बरेचजण बॅडमिंटनमधनं येतात, त्यामुळं हा मुद्दा जरा सविस्तर. बाहेरच्या लायनी दोन्ही खेळांच्या सारख्याच, म्हणून बॅडमिंटनच्या कोर्टवर नेट खाली ओढून खेळ सुरू होतो आणि पुढची सर्व्हिस लाइन किचनची लाइन म्हणून धरली जाते. ती लाइन नेटपासून साडेसहा फुटांवर असते, किचन 7 फुटांचं. हे सहा इंच लहान वाटतात पण साडेसहा फुटांवर उभं राहून व्हॉली मारायची सवय लागलेला खेळाडू बाहेरच्या स्पर्धेत गेला की किचन फॉल्टवर फॉल्ट देतो. नेटचंही तसंच, मधे 34 इंच आणि कडेला 36 पाहिजे, पण ढिलं सोडलेलं बॅडमिंटनचं नेट मधे चांगलंच झोळतं आणि तिथनं काढलेले ड्रॉप सगळे सुरेख वाटतात. स्वतःची लेव्हल मोजायच्या आधी टेप घेऊन कोर्ट मोजावं, हे आम्ही कळकळीनं सांगतो.

दुसरं म्हणजे स्मॅश. बॅडमिंटनवाल्याचा ओव्हरहेड पहिल्या दिवसापासून 4.0 चा असतो आणि त्यावरनं तो स्वतःला तेवढंच समजतो, तर त्याचा ड्रॉप 2.5 चा असतो, मनगटानं मारायची सवय असल्यामुळं डिंक वर उडतो. समोरच्या जोडीला हे दोन गेममध्ये कळतं, मग ते वर चेंडू देतच नाहीत.

स्वतःची लेव्हल कशी बघायची
आमचं मत असं की सरासरी काढू नये, सगळ्यात कच्चा फटका धरावा, कारण समोरचा तिथंच खेळणार. मोजायला पाच दिवस पुरतात. दहा सर्व्ह मारून किती खोल पडल्या, बेसलाइनवरनं दहा ड्रॉपपैकी किती किचनमध्ये उतरले, पार्टनरसोबत तिरक्या डिंकची रॅली वीसपर्यंत जाते का, बॅकहँडनं पण जाते का. दहात सात हे माप ठेवावं, आणि ते सरावात नाही, 9-9 झाल्यावर. सरावात कोणाचाही ड्रॉप पडतो.

मोबाइल कोर्टच्या मागं उभा करून दोन गेम रेकॉर्ड करावेत आणि बघताना फक्त आपल्या चुकीनं गेलेले पॉइंट मोजावेत, समोरच्यानं जिंकलेले सोडून द्यावेत. पहिल्यांदा बघितल्यावर वाईट वाटतं, कारण आपल्याला वाटत असतं आपण लायनीवर होतो आणि व्हिडिओत आपण मधल्या पट्ट्यात उभे असतो, पाय चालू असताना फटका मारतोय. तरी बघावं. पार्टनरही बदलून खेळावं, एकाच चांगल्या पार्टनरसोबत मिळालेले विजय आकड्यात अर्धे त्याचे असतात.

हवेचाही भाग आहे. सोलापूरचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो, उघड्या कोर्टवर खेळ सकाळी लवकर नाहीतर रात्री लाइटखाली. तापलेला प्लॅस्टिकचा बॉल मऊ पडतो, थंडीत तोच कडक होऊन तडकतो. पावसाळ्याच्या तोंडाला जो वारा सुटतो त्यात 40 भोकांचा बाहेरचा बॉलसुद्धा हवेत वळतो, हॉलमधला 26 भोकांचा तर बोलायलाच नको. हॉलमधली लेव्हल आणि उघड्या कोर्टवरची लेव्हल दोन्ही वेगळ्या मोजून खालची धरावी.

बंद गटाचा दोष
निकालावरनं निघणाऱ्या रेटिंगला एक मर्यादा आहे जी मोठ्या शहरात दिसत नाही. वीस-पंचवीस जण कायम आपसातच खेळत राहिले तर त्यांच्यातला वर-खाली क्रम बरोबर निघतो, पण अख्खा गट बाहेरच्या जगाच्या मानानं कुठं आहे हे गणिताला कळायला मार्गच नसतो. विहिरीतलं पाणी किती वर आलं ते काठावरनं दिसतं, विहीर किती उंचावर आहे ते दिसत नाही. पुण्या-मुंबईला जाऊन चार स्पर्धा खेळून आलेले एक-दोघे जरी परत येऊन सगळ्यांशी खेळले तरी त्यांच्यामार्फत अख्ख्या गटाचे आकडे जागेवर यायला लागतात. अशा खेळाडूंनी आपल्याच चौकडीत न बसता नवीन लोकांबरोबर मॅच नोंदवाव्यात, ह्यात गटाचं मोठं काम होतं.

मुद्दाम खालच्या गटात उतरून बक्षीस न्यायची खोड सगळीकडं आहे, इथंही. त्यावर आयोजकांना करता येण्यासारखं एकच, गट जिंकलेल्याला पुढच्या वेळी वरच्या गटातच नाव द्यायला लावणं. सिंगल्सचं रेटिंग डबल्सपासून वेगळं धरतात, सिंगल्समध्ये पाय आणि दम जास्त लागतो आणि डिंक फारसे होतच नाहीत, त्यामुळं एकावरनं दुसऱ्याचा अंदाज बांधू नये.