समुद्री मण्यार की पट्टेरी वाम? फोटोत आधी शेपूट बघा

अंदमानात डायव्हिंग करून आलेल्या कोल्हापूरकराच्या मोबाईलमध्ये कधी कधी काळ्या पट्ट्यांच्या, लांबसडक प्राण्याचा फोटो असतो. तो घरी दाखवला की रात्री बॅटरी घेऊन उसाला पाणी पाजायला जाणारे काका म्हणतात, "मण्यार आहे ही." पंचगंगेत गळ टाकणारा मित्र म्हणतो, "छे, वाम!" दोघांचंही म्हणणं खरं ठरू शकतं. उष्ण समुद्राच्या उथळ पाण्यात असा एक साप आहे, आणि अगदी त्याचंच रूप घेतलेला एक मासाही आहे.

साप म्हणजे सी क्रेट, अर्थात समुद्री मण्यार, लॅटिकॉडा कोलुब्रिना. हा नाग आणि मण्यारीच्याच कुळातला. विष जहाल, थेट मज्जासंस्थेवर चालणारं. मासा म्हणजे पट्टेरी स्नेक ईल (ईल म्हणजेच वाम), मिरिक्थिस कोलुब्रिनस. त्याला विष नाही. सापाला टरकून शिकारी मासे आपल्यालाही सोडतील, एवढ्यावरच त्याचं सोंग उभं आहे.

पट्टे मोजत बसू नका, दोघांनाही असतात. शेपूट बघा. सी क्रेटची शेपूट दोन्ही बाजूंनी चपटी, वल्ह्याच्या पात्यासारखी असते. ती डावी-उजवीकडे मारत तो पुढे सरकतो. ईलची शेपूट निमुळती होत टणक टोकावर संपते, कारण तिला वाळूत उलटं, शेपटीकडून घुसायचं असतं. मग पाठ बघा. ईलच्या पाठीवर डोक्यामागून निघालेला पातळ, बुटका पर असतो. अंगावर खवले नसतात. सापाला पर नसतो, खवले मात्र स्पष्ट दिसतात. तोंड जवळून टिपलं असेल तर आणखी सोपं: सापाचा वरचा ओठ पिवळा, आणि ईलच्या नाकपुड्या म्हणजे खाली वळलेल्या दोन बारीक नळ्या.

पाण्याखाली असताना मात्र सगळ्यात खात्रीची खूण श्वासाची. ईलला कल्ले आहेत, तिला वर यायचं कारण नाही. सी क्रेटला फुफ्फुस आहे. तो प्रवाळाच्या भोकाभोकांत डोकं घालत हिंडतो आणि दम संपत आला की सरळ पृष्ठभागाकडे निघतो. त्या वेळी त्याच्या डोक्यावर कॅमेरा धरून तरंगणं मला अजिबात पटत नाही. प्राणी शांत स्वभावाचा आहे, उगाच चावत नाही, म्हणून त्याची हवेची वाट अडवायची का? बाजूला व्हा, त्याला जाऊ द्या. तो परत खाली येतो.

हा साप अर्धा जमिनीचाच आहे. अंडी घालायला, कात टाकायला, गिळलेलं भक्ष्य पचवायला तो किनाऱ्यावरच्या खडकांत येतो. पोटाखालचे रुंद खवले त्याला चढायला उपयोगी पडतात. गोडं पाणीही त्याला लागतं. मालवणकडे जाळ्यात सापडतात ते समुद्री साप वेगळे. ते किनाऱ्यावर येत नाहीत, पिल्लांना पाण्यातच जन्म देतात. आणि सी क्रेटचं मुख्य खाणं कोणतं? ईल! मोरे ईल, काँगर ईल. मादी नरापेक्षा बरीच मोठी असते, ती मोठ्या काँगरनाही गिळते.

फोटो काढताना या सापाची एक गंमत लक्षात ठेवा. त्याच्या शेपटीच्या टोकाची रंगखूण डोक्यावरच्या खुणेसारखीच असते. डोकं भोकात असताना तो शेपूट अशी वळवतो की मागून येणाऱ्या शत्रूला वाटावं, तोंड इकडेच आहे. फोकस लावण्याआधी डोळा कुठे आहे ते शोधा.

वरून काढलेल्या फोटोत चपटी शेपूटही बारीकच दिसते. म्हणून तळाला न टेकता त्याच्या पातळीवर या आणि पूर्ण अंग आडवं फ्रेममध्ये घ्या. पाणी आधी लाल, मग नारिंगी रंग शोषतं. त्यामुळे दहा-बारा मीटरवर स्ट्रोबशिवाय, म्हणजे पाण्याखालच्या फ्लॅशशिवाय, पिवळा ओठ फिका, हिरवट दिसतो आणि खूण हातची जाते. स्ट्रोब लेन्सपासून लांब, बाजूला ठेवा, नाहीतर पाण्यातला गाळ उजळून सगळीकडे पांढरे ठिपके येतात. तारकर्लीच्या गढूळ पाण्यात ज्यांनी कॅमेरा चालवलाय त्यांना हे सांगायला नको.

घरी आल्यावर फोटोत शेपूट कापली गेल्याचं कळलं, तर मधलं अंग मोठं करून पाठीची कड बघा. कडेला पारदर्शक पट्टी दिसली तर मासा. कड सरळ आणि तिच्यावर खवल्यांच्या ओळी असतील तर काकांचं म्हणणं जवळपास बरोबर होतं, फक्त मण्यार समुद्रातली.