जबरी चोरीत दोषी ठरल्यावर प्रोबेशनचा अर्ज: कोण पात्र, कोणते कागद, कुठे अडतं

रस्त्यात मोबाइल हिसकावला, दुचाकीवरून गळ्यातली साखळी ओढली, दोघांनी अडवून खिशातले पैसे काढून घेतले. अशा खटल्यात पहिल्यांदाच सापडलेल्या पोराला कोर्ट दोषी ठरवतं आणि बरेचदा त्याच दिवशी विचारतं, शिक्षेबाबत काही सांगायचं आहे का? घरचे बाहेर व्हरांड्यात असतात, वकिलांच्या हातात एकही कागद नसतो. ‘गरीब आहे साहेब, दया करा’ एवढ्यावर सुनावणी संपते. गुन्हेगार परिवीक्षा अधिनियम, १९५८ नुसार तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, म्हणजे लेखी हमीवर, सोडता येतं; यालाच प्रोबेशन किंवा परिवीक्षा म्हणतात, पण नुसत्या दयेच्या विनवणीवर कोर्ट काय लिहिणार?

सगळ्यात आधी कलम पाहा. दोषारोपपत्रात काय होतं ते नाही, कोर्टाने कशाखाली दोषी धरलं ते. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेल्या गुन्ह्याला परिवीक्षा कायद्याचं कलम ४, म्हणजे बंधपत्रावर सोडण्याची तरतूद, लागू होत नाही. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागते. तिच्या कलम ३०४ मध्ये हिसकावून केलेल्या चोरीला ३ वर्षांपर्यंत, कलम ३०९(४) मध्ये जबरी चोरीला १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दोन्हींत अर्ज करता येतो. अडतं ते ३०९(६) मध्ये. जबरी चोरी करताना दुखापत केली तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, आणि मोठी जखमच हवी असंही नाही. झटापटीत फिर्यादीचं कोपर खरचटलं, दवाखान्याच्या दाखल्यावर ‘साधी दुखापत’ आलं, तरी हे कलम लागू शकतं. जुन्या खटल्यांत हाच फरक भारतीय दंड संहितेच्या ३९२ आणि ३९४ मध्ये आहे. म्हणून ती जखम जबरी चोरी करताना आरोपीने किंवा त्याच्या साथीदाराने मुद्दाम केली का, हा प्रश्न डॉक्टरांच्या आणि फिर्यादीच्या उलटतपासणीत लढवायला हवा. निकालानंतर सुचून उपयोग नाही.

वयाचा घोळ तर सगळीकडे. यात दोन वेगळ्या तारखा आहेत. गुन्ह्याच्या दिवशी १८ पूर्ण नसतील तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जायला हवं, आणि हा दावा कोणत्याही टप्प्यावर, अगदी निकालानंतरही करता येतो. परिवीक्षा कायद्याच्या कलम ६ मध्ये २१ वर्षांच्या आतल्यांना जास्तीचं संरक्षण आहे. ही २१ ची अट मात्र गुन्ह्याच्या दिवशी मोजत नाहीत. कोर्ट दोषी ठरवून शिक्षेचा विचार करतं त्या दिवशीचं वय धरतात. सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकातच तसं सांगितलं आहे. विसाव्या वर्षी पकडलेला मुलगा खटला रेंगाळून बावीस वर्षांचा झाला, तर कलम ६ चं संरक्षण जातं आणि फक्त कलम ४ उरतं. कलम ६ चं ते संरक्षण मोठं आहे. २१ च्या आतल्याला तुरुंगात पाठवायचं तर कोर्टाला कारणं नोंदवावी लागतात आणि परिविक्षा अधिकाऱ्याचा, म्हणजे आरोपीची चौकशी करून कोर्टाला कळवणाऱ्या अधिकाऱ्याचा, अहवाल मागवावाच लागतो. तेव्हा वाढदिवस जवळ आला असेल तर उगाच तारखा मागू नका.

वयाचा पुरावा म्हणून लोक आधार कार्ड पुढे करतात. त्यावर विसंबू नका. शाळा सोडल्याचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र आणा, नसेल तर नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. चौथीत शाळा सुटली असली तरी त्या शाळेच्या रजिस्टरमध्ये जन्मतारीख असते. दाखल्यासाठी आजच अर्ज द्या, मुख्याध्यापक रजेवर असतात.

आता जो कागद जवळपास कोणाकडेच नसतो तो. आरोपीला कोर्टाच्या हद्दीत राहण्याचं कायम ठिकाण किंवा नियमित कामधंदा आहे, अशी कोर्टाची खात्री पटावी लागते. भाडेकरार नाही, नाक्यावर रोज मिळेल ते काम, रेशनकार्ड गावाकडचं. इथे बहुतेक अर्ज कोलमडतात. पण कायद्याचे शब्द नीट वाचा: आरोपीचं किंवा त्याच्या जामीनदाराचं. हद्दीत राहणारा मामा, काका, जुना मालक जामीनदार म्हणून उभा राहिला तरी अट पूर्ण होते. त्याचं वीजबिल, रेशनकार्ड, पगाराची पावती किंवा दुकानाचा परवाना घ्या आणि त्याला त्या दिवशी कोर्टात हजर ठेवा. घरी बसलेल्या जामीनदाराचा काही उपयोग नाही.

परिविक्षा अधिकारी चौकशीला जातो तो कागदोपत्री पत्त्यावर. दरम्यान कुटुंबाने खोली बदललेली असते, शेजारी ‘माहीत नाही’ म्हणतात आणि तेच अहवालात येतं. यात माणसाचा काय दोष? तरी नुकसान त्याचंच होतं. नवा पत्ता आणि चालू मोबाइल नंबर वकिलांमार्फत लेखी द्या. अहवाल गोपनीय असतो, पण त्याचा आशय कळवून तुम्हाला पुरावा द्यायची संधी कोर्ट देऊ शकतं. ती मागा.

पूर्वइतिहासाच्या पोलिसी यादीत निर्दोष सुटलेली प्रकरणंही तशीच पडून असतात. ती कोणी स्वतःहून काढत नाही, हे संतापजनक आहे. त्या प्रत्येक निकालाची प्रमाणित नक्कल काढून अर्जाला जोडा. प्रलंबित गुन्हा म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हेही अर्जात स्पष्ट लिहा.

फिर्यादीला विसरू नका. ओढलेलं मंगळसूत्र त्या बाईच्या आयुष्याची पुंजी असू शकते. परिवीक्षा कायद्याच्या कलम ५ नुसार कोर्ट भरपाई द्यायला लावू शकतं. जमेल तेवढी रक्कम भरायची तयारी अर्जातच दाखवा. धमकावून ‘तक्रार नाही’ असं लिहून घ्यायला कोणी सांगितलं तर ऐकू नका, तो नवा गुन्हा होतो.

अर्ज साधा असतो, वकील लिहून देतात. कोठडीत असलेल्याला उत्पन्न न पाहता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. बंधपत्र जास्तीत जास्त ३ वर्षांचं. अट मोडली तर मूळ गुन्ह्याची शिक्षा होऊ शकते, म्हणून पत्ता बदलताच कळवा.

अर्ज फेटाळला तर दंडाधिकाऱ्याच्या निकालावर सत्र न्यायालयात अपिलाला ३० दिवस आहेत, आणि अपील न्यायालयही प्रोबेशन देऊ शकतं. निकालाची प्रत आरोपीला मोफत मिळते, ती त्याच दिवशी मागा. शिक्षा भोगावीच लागली तर आधी कोठडीत काढलेले दिवस वजा होतात. ते वॉरंटवर, म्हणजे तुरुंगात पाठवण्याच्या आदेशावर, बरोबर लिहिलेत का, हे तुरुंगात नेण्याआधी वकिलांकडून तपासून घ्या.