ब्रॉडवे म्युझिकलमधील गाणी

संवाद, गाणी आणि नृत्य यांतून कथा सांगणाऱ्या अमेरिकन नाटकाला म्युझिकल म्हणतात. न्यूयॉर्कमधील ब्रॉडवे या रस्त्याच्या आसपासची नाट्यगृहे हे त्याचे मुख्य घर. तिथली शेकडो गाणी तबकड्या, रेडिओ, जॅझच्या मैफली आणि चित्रपटांतून जगभर गेली. ऐकणाऱ्याला मूळ नाटकाचे नाव बहुधा ठाऊक नसते. यात गाण्याचे कौतुक आहे आणि नुकसानही, कारण ही गाणी विशिष्ट पात्रासाठी आणि विशिष्ट प्रसंगासाठी लिहिलेली असतात. ते कोण गाते, कोणासमोर गाते आणि गाऊन झाल्यावर काय बदललेले असते, हे कळल्याशिवाय त्यांची खरी ताकद लक्षात येत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रॉडवेवर कथानकाला फारशी किंमत नव्हती. विनोदी प्रवेश, नर्तकींचा ताफा आणि मधूनमधून गाणी असा सगळा मामला असे. एका नाटकातले गाणे उचलून दुसऱ्यात घातले तरी कोणाला खटकत नसे. गाण्याचा हळूहळू रूढ झालेला साचा बत्तीस बारचा असे; बार म्हणजे तालाचे एक छोटे आवर्तन. एक चाल, तीच चाल पुन्हा, मग वेगळ्या चालीचा तुकडा आणि शेवटी मूळ चालीकडे परत, असे त्याचे आठ-आठ बारचे चार भाग होत. हा साचा पुढेही टिकला, पण त्यात काय भरायचे याचा विचार पालटला.

हा पालट २७ डिसेंबर १९२७ रोजी न्यूयॉर्कमध्ये रंगमंचावर आलेल्या 'शो बोट'मध्ये पहिल्यांदा ठळकपणे दिसला. संगीत जेरोम कर्न यांचे, संहिता आणि गीते ऑस्कर हॅमरस्टाइन (दुसरे) यांची. मिसिसिपी नदीवर फिरणाऱ्या एका नाटकाच्या बोटीची ही गोष्ट. ज्यूली ही बोटीवरची लाडकी नटी 'कान्ट हेल्प लव्हिन् डॅट मॅन' हे प्रेमगीत सहज गाऊ लागते आणि स्वयंपाकीण क्वीनी चमकते. हे गाणे तर फक्त काळ्या लोकांच्या तोंडी ऐकलेले, मग हिला कसे येते? ज्यूली गोरी म्हणून वावरत असली तरी तिचा वंश मिश्र आहे, हे पुढे उघडकीस येते आणि गोऱ्या नवऱ्याशी झालेले तिचे लग्न तिथल्या कायद्याने गुन्हा ठरते. प्रेक्षकाच्या मनात पहिली शंका येते ती या गाण्यामुळे. साधे प्रेमगीत इथे कथेतला पुरावा झाले आहे. याहून नेटकी योजना या परंपरेत क्वचितच सापडेल.

याच नाटकातले 'ओल मॅन रिव्हर' गोदीवर कापसाच्या गासड्या वाहणारा 'जो' नावाचा हमाल गातो. माणसे राबतात, झिजतात, मरतात. नदी मात्र काही न बोलता वाहत राहते, असा त्याचा आशय. गाण्याची सुरुवात खर्जात होते आणि शेवटाकडे चाल चढत चढत गायकाचा कस पाहते. पहिल्या प्रयोगांत ते ज्यूल्स ब्लेडसो यांनी गायले. पण ते ओळखले जाते गायक-नट पॉल रोब्सन यांच्या आवाजाने. रोब्सन यांनी १९२८ साली लंडनमध्ये आणि १९३६ च्या चित्रपटात ही भूमिका केली. पुढे नागरी हक्कांच्या लढ्यात उतरलेल्या रोब्सन यांना त्यातली हतबलता मानवेना. जगण्याचा कंटाळा आणि मरणाची भीती सांगणारी ओळ बदलून ते मैफलींत मरेपर्यंत लढत राहण्याचा निर्धार गाऊ लागले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना भूपेन हजारिका यांचा रोब्सन यांच्याशी संबंध आला. या गाण्याच्या प्रेरणेने हजारिकांनी असमिया गीत रचले, तेच हिंदीत 'गंगा बहती हो क्यों' म्हणून घरोघरी पोहोचले. नाटकातला हमाल नदीपुढे हात टेकतो. हजारिका तिला जाब विचारतात.

१९४३ सालच्या 'ओक्लाहोमा!'पासून गाणे आणि कथानक पुरते एकजीव झाले असे मानले जाते. पडदा उघडताच नर्तकींचा ताफा दिसणार, या अपेक्षेने बसलेल्या प्रेक्षकांना दिसली ती एकटीच लोणी घुसळत बसलेली एक वयस्क बाई. मग विंगेतून, वाद्यांच्या साथीविना, 'ओ व्हॉट अ ब्यूटिफुल मॉर्निन' गाणारा एका गुराख्याचा आवाज. संगीतकार रिचर्ड रॉजर्स आधीचे भागीदार लॉरेन्झ हार्ट यांच्याबरोबर बहुतेक वेळा चाल आधी बांधत. हॅमरस्टाइन यांच्याबरोबर क्रम उलटला, आधी शब्द आणि मग चाल. त्यामुळे पात्राचे बोलणे कुठे थांबले आणि गाणे कुठे सुरू झाले, हे सांगणे कठीण होऊ लागले. या नाटकाचे २,२१२ प्रयोग झाले. मूळ नटसंचाच्या आवाजातल्या त्याच्या तबकड्या खूप खपल्या आणि अशा ध्वनिमुद्रणांची प्रथा पडली. त्याचे शीर्षकगीत १९५३ साली ओक्लाहोमाचे राज्यगीत झाले.

रॉजर्स-हॅमरस्टाइन या जोडीचे 'कॅरोसेल' (१९४५) मधले 'यू'ल नेव्हर वॉक अलोन' आज लिव्हरपूल फुटबॉल क्लबचे गाणे म्हणून हजारो प्रेक्षक एका सुरात गातात. नाटकात मात्र ते नुकताच नवरा गेलेल्या ज्यूली जॉर्डनला धीर देण्यासाठी नेटी ही आप्त गाते. 'साउथ पॅसिफिक' (१९४९) मध्ये पॅसिफिकमधल्या बेटावर आलेला एक तरुण अमेरिकी लेफ्टनंट स्थानिक मुलीवर प्रेम असूनही, ती वेगळ्या वंशाची म्हणून लग्नाला कचरतो. द्वेष जन्मजात नसतो, लहानपणी नीट शिकवावा लागतो, हे तो वॉल्ट्झ या तीन मात्रांच्या नृत्याच्या हलक्या चालीत, पण चिडून सांगतो. हे छोटेसे गाणे काढून टाकण्याचा आग्रह दोघांनी मानला नाही. जॉर्जिया राज्यातल्या काही लोकप्रतिनिधींनी तर १९५३ साली त्यावर जाहीर हरकत घेतली.

'द साउंड ऑफ म्युझिक' (१९५९) आपल्याकडे चित्रपटामुळे माहीत आहे. मूळ नाटकाची इंग्रजी निर्मिती २०२३ साली मुंबईतही झाली. त्यातले 'एडलवाइस' ऑस्ट्रियाचे जुने लोकगीत आहे असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात हॅमरस्टाइन यांनी लिहिलेले ते शेवटचे गीत. नाझींच्या ताब्यात गेलेल्या मायदेशाचा निरोप कॅप्टन फॉन ट्रॅप एका साध्या फुलाचे नाव घेऊन घेतो. गाण्यात राजकारणाचा एक शब्द नाही, म्हणूनच ते इतके भिडते.

बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन'वरून गीतकार लर्नर आणि संगीतकार लोव यांनी केलेल्या 'माय फेअर लेडी'शी (१९५६) मराठी प्रेक्षकाचे वेगळे नाते आहे. पु. ल. देशपांडे यांची 'ती फुलराणी' (१९७५) 'पिग्मॅलियन'चेच मराठी रूप. भक्ती बर्वे यांनी अजरामर केलेले 'तुला शिकवीन चांगलाच धडा' हे स्वगत आणि एलायझाचे 'जस्ट यू वेट' हे गाणे एकाच जातीचे आहेत. दोन्हींत प्राध्यापकापुढे गप्प बसावे लागलेली मुलगी एकटी पडताच सगळा राग बाहेर काढते.

'वेस्ट साइड स्टोरी' (१९५७) हा संगीताच्या दृष्टीने या परंपरेतला सर्वांत धाडसी प्रयोग म्हणावा लागेल. संगीत लेनर्ड बर्नस्टाइन यांचे, गीते तेव्हा २७ वर्षांच्या स्टीफन सॉन्डहाइम यांची. 'मारिया' या गाण्यात नायक टोनी नुकतेच कळलेले मुलीचे नाव पुन्हा पुन्हा उच्चारतो. या तीन अक्षरांचे स्वर आपल्या भाषेत सा, तीव्र म आणि प. पाश्चात्त्य कानाला सा ते तीव्र म हे अंतर अस्वस्थ करणारे वाटते. ते पंचमावर टेकताच जीव भांड्यात पडतो. कथेतल्या दोन टोळ्यांच्या वैराचा ताण दाखवणाऱ्या 'कूल' या गाण्यातही तेच स्वर येतात. प्रेम आणि हिंसा एकाच स्वरसमूहातून उगवतात, हे श्रोत्याला शास्त्र ठाऊक नसले तरी जाणवते.

सॉन्डहाइम पुढे स्वतःच संगीतही देऊ लागले. त्यांचे सर्वांत गाजलेले गाणे 'सेंड इन द क्लाउन्स', 'अ लिटल नाइट म्युझिक' (१९७३) मधले. ते तालमी सुरू असताना देझिरेची भूमिका करणाऱ्या ग्लिनिस जॉन्स यांच्यासाठी लिहिले गेले. त्यांच्या आवाजात गोडवा होता, पण लांब स्वर पेलण्याइतका दम नव्हता. सॉन्डहाइम यांनी छोटे छोटे तुकडे केले आणि बहुतेक प्रश्नार्थी ठेवले, म्हणजे मध्ये श्वास घेता येईल. नाटकातल्या देझिरेला जुन्या प्रियकराने नुकताच नकार दिला आहे; तिचे तुटक, हसण्याचा प्रयत्न करणारे बोलणे या बांधणीत चपखल बसले. गायिकेची मर्यादा पात्राचा स्वभाव झाली. नंतर भरदार आवाजाच्या अनेकींनी ते गायले, तरी जॉन्स यांचे मूळ ध्वनिमुद्रण आधी ऐकावे.

'रेंट' (१९९६) रॉकच्या आणि लिन-मॅन्युएल मिरांडा यांचे 'हॅमिल्टन' (२०१५) रॅपच्या अंगाने गेले, तरी प्रसंगाशी बांधिलकी तीच राहिली. 'हॅमिल्टन' ही अमेरिकेच्या स्थापनेतले नेते अलेक्झांडर हॅमिल्टन यांची गोष्ट; त्यातले 'हेल्पलेस' हे त्यांची बायको एलायझा हिच्या प्रेमाचे आणि लग्नाचे आनंदी गाणे. लगेच येणाऱ्या 'सॅटिस्फाइड'मध्ये थोरली बहीण अँजेलिका शुभेच्छा द्यायला उभी राहते आणि रंगमंचावर काळ उलटा फिरतो. तीच संध्याकाळ आता तिच्या नजरेतून दिसते. हॅमिल्टन तिलाही आवडला होता. घराची जबाबदारी आणि बहिणीचे मन ओळखून तिनेच माघार घेतली. आधीच्या गाण्यात खेळकर वाटलेल्या ओळी इथे परत येतात आणि बोचतात. ही दोन गाणी सुटी सुटी ऐकू नयेत. याच क्रमाने, मध्ये खंड न पाडता ऐकावीत.