मुस्तफा : सांगलीच्या पार्लरमधला गेम

मुस्तफा : ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’ या आर्केड गेमचे सांगलीत, आणि खरे तर भारतभर, पोरांनी पाडलेले नाव. जपानच्या कॅपकॉम कंपनीने हा गेम १९९३ मध्ये आणला. डावीकडून उजवीकडे चालत जायचे, वाटेत येईल त्याला बुकलायचे आणि स्टेजच्या, म्हणजे टप्प्याच्या, शेवटी बॉसला, म्हणजे तिथल्या मुख्य शत्रूला, लोळवायचे, अशा मारामारीच्या गेमांची एक मोठी परंपरा आहे. त्यातला हा कळसाचा गेम, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे. सांगलीच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर काही वर्षे ज्यांनी खिशातला रुपया मोडला, त्यांना हे मत पटवून द्यावे लागणार नाही.

मूळ कथेत मुस्तफा हा नायक नाही. मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या कॉमिकवर हा गेम बेतला आहे आणि त्या कॉमिकचा नायक आहे जॅक टेनरेक, जुन्या कॅडिलॅक गाड्या दुरुस्त करून चालवणारा मेकॅनिक. सव्विसाव्या शतकात पृथ्वीवर पुन्हा डायनासोर हिंडू लागले आहेत, त्यांची चोरटी शिकार करणाऱ्या टोळ्या माजल्या आहेत आणि जॅक आपल्या साथीदारांसह त्यांच्या मागे लागला आहे, अशी गोष्ट. खेळायला चार जण मिळतात : जॅक, हॅना डंडी, मुस्तफा कैरो आणि धिप्पाड मेस ओब्रॅडोविच. त्यातला पिवळ्या टोपीचा मुस्तफा सर्वांत चपळ. काडी (जॉयस्टिक) एकाच दिशेने दोनदा झटकली की तो पळत सुटतो, पळता पळता बटन दाबले की हवेत झेपावून लाथ घालतो आणि समोरची रांगच्या रांग आडवी होते. नवख्यालाही ही लाथ पाच मिनिटांत जमते. म्हणून ज्याला त्याला मुस्तफाच हवा असे. दुसरे कारण नावातच आहे. टेनरेक, डंडी, ओब्रॅडोविच ही नावे आमच्या जिभेवर कधी बसलीच नाहीत. मुस्तफा मात्र मिरजेच्या कुठल्याही गल्लीत हाक मारली तर ओ देणारे नाव. पडद्यावरची इंग्रजी गोष्ट कोणी वाचत नव्हते. चौघांत जो आपला वाटला, त्याचे नाव पोरांनी अख्ख्या गेमला दिले.

या प्रकारच्या गेमांचा उगम जपानमध्येच झाला. आयरेम कंपनीच्या १९८४ च्या ‘कुंग-फू मास्टर’मध्ये एकटा गडी सरळ रेषेत चालत येणाऱ्यांना ठोसे-लाथा मारी. टेक्नोस कंपनीने १९८६ मध्ये ‘नेक्केत्सु कोहा कुनिओ-कुन’ आणि १९८७ मध्ये ‘डबल ड्रॅगन’ काढला. डबल ड्रॅगनमुळे दोन मित्र शेजारी उभे राहून एकाच बाजूने लढू लागले, ही त्यातली मोलाची भर. (गंमत म्हणजे शेवटपर्यंत दोघेही टिकले, तर अखेरीस त्या दोघांनाच एकमेकांशी लढावे लागते.) कॅपकॉमच्या १९८९ च्या ‘फायनल फाइट’ने मोठ्या आकृत्या, जवळ जाऊन पकड घालणे आणि उचलून फेकणे यांची घडी बसवली. मुस्तफा त्याच घडीवर चार वर्षांनी उभा राहिला. तोवर १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर टू’मुळे एकास एक झुंजीची लाट आली होती आणि दोघांनी मिळून खेळायचे गेम मागे पडू लागले होते. परंपरा ओसरायला लागली असताना तिच्यातला सर्वांत भरदार गेम निघाला, असे हे प्रकरण आहे.

खेळाची रचना साधी आहे. आठही दिशांना फिरणारी काडी आणि दोन बटने, एक मारायचे, एक उडीचे. दोन्ही एकदम दाबली की घेऱ्यातून सोडवणारा खास वार निघतो, पण त्याची किंमत म्हणून स्वतःची थोडी ताकद जाते. तो वार घाबरून दाबणारा आणि जपून वापरणारा, यावरून खेळणाऱ्याची पारख होई. एकूण आठ स्टेज. वाटेत पिंपे आणि खोकी फोडली की आतून खाणे, सुरे, बंदुका निघतात. तिसऱ्या स्टेजला माळरानावर चक्क कॅडिलॅक चालवायला मिळते आणि गुंडांना गाडीखाली घेता येते. त्या मिनिटभरासाठी शेजारच्या मशीनवरचे प्रेक्षकही इकडे सरकत. शेवटचा बॉस म्हणजे डॉ. फेसेन्डेन हा शास्त्रज्ञ. त्याच्यापर्यंत पोचलेला मुलगा पेठेत ओळखला जाई.

यंत्राच्या आतही थोडे डोकावायला हवे. आर्केड मशीनमध्ये गेम असतो एका सर्किट बोर्डवर. १९८५ पासून बहुतेक जपानी बोर्डांना जामा नावाची ५६ टोकांची एकच ठरलेली जोडणी असे, त्यामुळे मालक जुना बोर्ड काढून त्याच पेटीत नवा गेम बसवू शके. या जोडणीत दोन खेळाडूंपुरत्या तारा असतात. मुस्तफा मुळात तिघांनी एकदम खेळता येतो, पण तिसऱ्यासाठी बोर्डाला वेगळी जोडणी द्यावी लागते आणि पेटीवर तिसरी काडी बसवावी लागते. आम्ही जी पेटी खेळलो तिच्यावर दोनच काड्या होत्या. तिघे खेळू शकतात हे कळले तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. शेजारी नुसते उभे राहून घालवलेल्या त्या दुपारी आठवून तेव्हा फार हळहळ वाटली. कॅपकॉमच्या अस्सल बोर्डात आणखी एक मेख आहे. ध्वनीच्या प्रोसेसरमधला प्रोग्राम सांकेतिक भाषेत असतो आणि तो उलगडण्याची किल्ली एका बॅटरीवर जिवंत राहते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि चांगला बोर्ड एका रात्रीत मुका होतो. या गेमचे नक्कल बोर्डही बनले, त्यांच्यात ही भानगड नसे.

सांगलीतले पार्लर म्हणजे एक गाळा, दाराला जाड पडदा, आत चार-पाच पेट्या. हरभट रोडपासून आत वळणाऱ्या एका बोळात आमचे पार्लर होते. पडदा बाजूला सारला की काचेच्या जुन्या मॉनिटरांची ऊब तोंडावर येई आणि तिच्यात मालकांनी गणपतीच्या तसबिरीपुढे लावलेल्या उदबत्तीचा वास मिसळलेला असे. मालकांना सगळे काका म्हणत. रुपया दिला की काका ड्रॉवरमधून मधोमध खाच असलेले पितळी कॉइन काढून देत. ते फटीत टाकले की आत घरंगळत जाई, वाटेत तारेसारख्या बारीक पट्टीला धक्का देई आणि पट्टीखालचा स्विच टिक्‌ करून दबे. पडद्यावर क्रेडिटचा आकडा वाढे. ती टिक्‌ ऐकू आली नाही तर पोटात गोळा येई. मग काका किल्लीने पुढचे झाकण उघडत, अडकलेले कॉइन बोटाने काढत आणि तोच स्विच हाताने एकदा दाबून देत. दोनदा दाबल्याचे कधी घडले नाही.

कॉइनच्या टंचाईतून पार्लरचे सगळे कायदे तयार झाले. पुढचा नंबर लावायचा तर आपले कॉइन काचेखालच्या कडेवर ठेवायचे. ठेवले की नंबर पक्का, मग त्याला कोणी हात लावायचा नाही. मोठ्या पोरांनीही हा कायदा मोडलेला आम्ही पाहिला नाही. दोघांच्या जोडीत खाण्याची वाटणी ठरलेली असे. ज्याची पडद्यावरची ताकद दाखवणारी पट्टी लाल झाली त्याने उचलायचे, आणि भरलेल्या पट्टीच्या माणसाने चुकून उचलले तर ‘खाल्लंस की लेका फुकट’ हे ऐकून घ्यायचे. ज्याच्याकडे पैसे नसत तो मागे उभा राहून सल्ले देई, ‘खालनं ये, खालनं ये’, ‘बंदूक त्याला घेऊ दे’, ‘आता उडी मार’. असा सल्लागार कामाचा असेल तर कठीण जागी त्याला काडी मिळे. ‘दादा, एक लाइफ दे की’ ही विनंती तर प्रत्येक पार्लरच्या कानावरून हजारदा गेली असेल. लाइफ देणे म्हणजे तीनांतले एक आयुष्य दुसऱ्याच्या हातात सोपवून आपण बाजूला उभे राहणे. ते सोपे नव्हते आणि तरीही दिले जाई.

या पेट्यांपुढे मुलगेच असत, हेही नोंदवले पाहिजे. बहिणींना पडद्याच्या आत येऊ देण्याची घरची तयारी नव्हती. पडद्यावर हॅना चपळाईने लढत होती आणि पडद्यामागे एकही मुलगी नव्हती, याचा विचार तेव्हा आम्ही केला नाही. आज तो टोचतो. घरच्यांचा राग मुलांच्या वाट्यालाही येईच. पार्लरमध्ये पकडले जाणे म्हणजे शाळा बुडवल्याचा पुरावा समजला जाई, आणि बहुधा तो खराही असे.

सांगली-साताऱ्याच्या पोरांनी या गेमला जी भाषा दिली ती तालमीतून आली. हा कुस्तीचा मुलूख. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, हिंदकेसरी मारुती माने सांगलीजवळच्या कवठेपिरानचे. जत्रेतला फड पाहिलेल्या मुलाला पडद्यावरची पकड शिकवावी लागत नव्हती. गुंडाच्या अगदी अंगाला भिडले की मुस्तफा त्याला धरतो, मग गुडघा घालता येतो किंवा फेकता येते. त्या फेकीला आमच्याकडे ‘धोबीपछाड’ म्हणत. बॉस पडला की ‘पाठ लागली’. जपानी कंपनीच्या गेममधला, अमेरिकन कॉमिकमधला माणूस मारुती चौकातल्या पोरांच्या तोंडी असा पैलवान झाला. हे भाषांतर कुणी बसून केलेले नव्हते, हातांनी खेळता खेळता तोंडांनी ते केले.

दुसऱ्या स्टेजचा बॉस बुचर. दलदलीच्या जंगलात तो दोन्ही हातांत पाती घेऊन येतो. उसाच्या पट्ट्यातल्या आम्हा मुलांसाठी तो सरळ ‘कोयतेवाला’ होता. मी पाचवीत असताना थोरल्या भावाबरोबर खेळत होतो. माझे शेवटचे लाइफ, पट्टी संपत आलेली, भावाकडे दोन शिल्लक. कोयतेवाला धावून आला तसा भाऊ मुद्दाम मध्ये आला. त्याचा गडी हवेत उडून पडला, तेवढ्या वेळात मी बाजूला सरकून पळती लाथ घातली. पाठ लागली. भावाने माझ्याकडे बघितले नाही, नुसता म्हणाला, ‘चल पुढं.’ त्याचे ते लाइफ म्हणजे त्याच्या रुपयाचा एक तुकडा होता, आणि तो रुपया त्याने दोन दिवस खाऊ न घेता वाचवला होता. आम्ही चौथ्या स्टेजला संपलो.

पार्लर ओस पडायला बरीच कारणे मिळून आली. घरच्या टीव्हीला जोडायचे स्वस्त व्हिडिओ गेम आधीच आले होते. १९९७ मध्ये मेम हा प्रोग्राम निघाला आणि आर्केडचे बोर्ड साध्या कॉम्प्युटरवर चालवता येऊ लागले. पुढे सायबर कॅफेतून आणि सीडींवरून मुस्तफा घराघरांत शिरला. मोबाइलने उरलेसुरले संपवले. सांगलीपुरते आणखी एक कारण म्हणजे कृष्णा. २००५ च्या महापुरात नदी सखल भागातल्या दुकानांत शिरली. आमच्या पार्लरच्या पेट्या तेव्हा पाण्यात होत्या. पाणी उतरल्यावर काकांनी त्या रस्त्यावर उन्हात मांडल्या. प्लायवूड फुगून पदर सुटले होते, काडीच्या खोबणीत गाळ बसला होता, आणि एका पेटीच्या काचेआड मुस्तफाच्या पिवळ्या टोपीचे चित्र ओले होऊन चिकटले होते. पुढे त्या गाळ्यात मोबाइल रिचार्जचे दुकान आले.

कॉम्प्युटरवरचा मुस्तफा तोच आहे आणि तो नाही. मेममध्ये पाच आकड्याची कळ दाबली की एक कॉइन पडते. कितीही दाबा, कॉइन पडतच राहतात. मी पहिल्यांदा गेम पूर्ण केला तो असाच, एका दुपारी, किती कॉइन दाबली त्याचा हिशेब न ठेवता. फेसेन्डेन मेला, शेवट पाहिला, आणि काहीच वाटले नाही. पार्लरमध्ये तीन लाइफवर चौथी स्टेज गाठताना हात घामाने काडीवरून निसटत. आर्केडचे गेम कॉइन खाण्यासाठीच कठीण बनवलेले असत हे खरे, पण त्या कठीणपणामुळेच शेजारच्याची गरज लागे. कॉइन फुकट झाले तशी ती गरजही गेली.

अधिकृतपणे हा गेम घरगुती कन्सोलवर कधीच आला नाही. १९९४ मध्ये सेगाच्या सीडी यंत्रावर त्याच नावाशी मिळताजुळता एक गेम निघाला, पण तो गाडी चालवत गोळीबार करण्याचा, वेगळाच खेळ होता. कॅपकॉमने २०१८ मध्ये आपल्या सात जुन्या मारामारीच्या गेमांचा संच काढला, त्यात फायनल फाइट आहे, मुस्तफा नाही. या प्रकारच्या गेमांना मात्र अलीकडे पुन्हा बरे दिवस आले आहेत. ‘स्ट्रीट्स ऑफ रेज’चा चौथा भाग २०२० मध्ये आला, निन्जा कासवांचा नवा गेम २०२२ मध्ये.

सांगलीत गेमची पेटी आता मॉलमधल्या खेळघरात दिसते, कार्ड घासून चालणारी. पार्लरची बोली मात्र त्या वयाच्या लोकांत टिकून आहे. आयर्विन पुलावर गाडी बंद पडलेला चाळिशीतला माणूस मित्राला फोन करून ‘ये की, लाइफ संपलंय’ म्हणतो, आणि मित्र पेट्रोलची बाटली घेऊन येतो.